सांडपाणी की कार्बन? मढच्या खाडीवरून एका खोट्या वादाचा प्रतिवाद

सागराच्या आम्लीकरणाचा विषय मुंबईच्या किनाऱ्यासंदर्भात निघाला की त्याला मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. मढ, वर्सोवा, मनोरी येथील कोळीवाड्यांचे खरे दुखणे नाल्यांतून येणारे सांडपाणी, किनाऱ्यालगत चालणारी यांत्रिक मासेमारी आणि जाळ्यात मासळीपेक्षा अधिक भरणारे प्लास्टिक हे आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून समुद्राचे रसायन बदलते ही चिंता प्रवाळांच्या बेटांची आणि आंतरराष्ट्रीय परिषदांची आहे, आणि ती मढच्या माथी मारणे म्हणजे दारातल्या घाणीकडे डोळेझाक करून आभाळाकडे बोट दाखवणे होय, असा या उत्तराचा आशय असतो. हा युक्तिवाद दुष्ट हेतूने केला जातो असे नाही, आणि त्याचा पूर्वार्ध तर खराच आहे. म्हणूनच त्याची दखल घेणे भाग आहे, कारण अर्धे सत्य हाताशी असले की उरलेले अर्धे तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, सांडपाणी आणि कार्बन ही एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन दुखणी नाहीत. दोन्हींतून निघणारे आम्ल एकच आहे, ते ज्या पाण्यात उतरते ते पाणीही एकच आहे, आणि मढच्या खाडीसारख्या जागी त्यांची साधी बेरीज न होता एकामुळे दुसऱ्याचा मारा वाढतो.

प्रथम मूळ प्रक्रिया पाहू. माणसाने कोळसा, तेल व वायू जाळून आणि जंगले तोडून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्र शोषून घेतो. पाण्यात मिसळल्यावर त्याचे कार्बोनिक आम्ल बनते, त्या आम्लातून हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होतात आणि ते पाण्यातील कार्बोनेट या दुसऱ्या आयनाला पकडून त्याचे बायकार्बोनेट करून टाकतात. शिंपले, प्रवाळ आणि कवचधारी सूक्ष्मजीव आपले कवच कॅल्शिअम कार्बोनेटचे घडवतात. तेव्हा समुद्रातील कार्बोनेट कमी होणे म्हणजे गवंड्याच्या पुढ्यातला चुना कमी होणे. शेतकरी जमिनीच्या परीक्षणात जो ‘सामू’ पाहतो, तोच पाण्याचा पीएच. सात हा त्याचा मध्य, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होते, हवाईतील मौना लोआ वेधशाळेने १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते, आणि आज ते ४२० च्या वर गेले आहे. याच काळात समुद्रपृष्ठाचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला. ‘सागराचे आम्लीकरण’ ही संज्ञा केन काल्डेरा आणि मायकेल विकेट यांच्या २००३ मधील शोधनिबंधामुळे रूढ झाली आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने २००५ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. ही रसायनक्रिया मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ्यपुस्तकांत आहे आणि तिच्याविषयी वाद नाही.

वाद घातला जातो तो शब्दावर. सामू ८.१ असलेले पाणी अल्कधर्मीच आहे, मग त्याला आम्ल म्हणणे ही दिशाभूल नव्हे काय, असा पहिला आक्षेप असतो. समुद्राचे व्हिनेगर होईल असे कोणताही जबाबदार संशोधक म्हणत नाही, आणि डोळ्यांदेखत विरघळणाऱ्या शिंपल्यांची चित्रे दाखवून भय पसरवणाऱ्यांनी या विषयाचे नुकसानच केले आहे, एवढे मान्य करायला हवे. परंतु ‘आम्लीकरण’ हा शब्द दिशा सांगतो, मुक्काम सांगत नाही. चाळीस अंशांवरून तीस अंशांवर आलेले पाणी गोठलेले नसले तरी ते थंड होत गेले असेच म्हटले जाते. शिवाय शिंपल्याच्या दृष्टीने सात या आकड्याला काही महत्त्व नाही. त्याच्यासाठी महत्त्वाची आहे ती संपृक्तता, म्हणजे कवच घडवण्याचा पदार्थ पाण्यात किती भरपूर आहे याचे माप. कॅल्शिअम कार्बोनेटचे अ‍ॅरागोनाइट नावाचे रूप तुलनेने लवकर विरघळते आणि शिंपल्यांची पिल्ले आपले पहिले कवच त्याचेच घडवतात. संपृक्ततेचे माप एकाच्या खाली गेले तर उघडे कवच विरघळू लागते, पण पिल्लांची ओढाताण त्याच्या बरीच आधी, माप एकाच्या वर असतानाच सुरू होते. पाणी अजून अल्क आहे हे समाधान त्यांच्या उपयोगाचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे. दोनशे वर्षांत सामू अवघ्या ०.१ ने उतरला. खाडीत तर दिवसाउजेडी सूक्ष्म वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाने तो चढतो आणि रात्री सर्व जीवांच्या श्वसनाने उतरतो, भरतीला वेगळा असतो आणि ओहोटीला वेगळा, आणि हे चढउतार ०.१ पेक्षा मोठे असतात. मग जे जीव रोजच हे सोसतात त्यांना या किरकोळ घसरणीचे भय कशाला? यातली पहिली चूक अंकगणिताची आहे. सामूचे माप घातांकी असते, म्हणजे एका अंकाच्या फरकाने हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट बदलते, म्हणून ०.१ ची घसरण म्हणजे या आयनांत सुमारे २६ टक्क्यांची वाढ. उत्सर्जन बेसुमार चालू राहिले तर शतकाअखेरीस आणखी सुमारे ०.३ ची घट होईल, असा हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाचा २०१९ चा अंदाज आहे, आणि तिचा अर्थ आजच्या दुप्पट आयन असा होतो. दुसरी चूक सरासरी आणि टोक यांची गल्लत करण्याची. मढला उधाणाच्या भरतीला समुद्र काही मीटर चढतो आणि भांगाच्या दिवसांत त्याची चढउतार थोडी असते, हे कोळीवाड्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून समुद्राची सरासरी पातळी वीतभर वाढली तर काय बिघडले, असे तिथे कोणी विचारणार नाही, कारण ती वीत उधाणाच्या टोकावर चढते आणि उंबरठा ओलांडते. सामूचेही तसेच आहे. जी खाडी रोज रात्री तळ गाठते, तिच्या तळाखाली आणखी एक पायरी खणली गेली, तर आजवर तासभर सोसावी लागणारी अवस्था तीन-चार तासांची होते. चढउतार मोठे असणे हे निश्चिंतीचे कारण ठरत नाही. उंबरठा जवळ असल्याची ती खूण आहे.

तिसऱ्या आक्षेपाला थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. डायनोसॉरांच्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक होता आणि तरीही खडूच्या खडकांचे डोंगर उभे राहतील एवढे कवचधारी जीव समुद्रात नांदत होते, हे खरे आहे. पण तो कार्बन लाखो वर्षांच्या संथ गतीने साचला, आणि तेवढ्या अवधीत जमिनीवरील खडक झिजून आणि समुद्रतळाचा चुना विरघळून पाण्यातील कार्बोनेटची भरपाई होत गेली. ही भरपाई हजारो वर्षांच्या हिशेबाने चालते. शंभर-दोनशे वर्षांच्या घाईपुढे ती लंगडी पडते. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी कार्बन त्या मानाने झपाट्याने सुटला, तेव्हा खोल समुद्रातील चुनखडीचे थर विरघळले आणि तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म कवचधाऱ्यांच्या बऱ्याच प्रजाती नामशेष झाल्या; आणि आजचा कार्बन उत्सर्जनाचा वेग त्या काळच्या अंदाजित वेगाच्या जवळपास दसपट आहे. भूतकाळाची साक्ष काढणाऱ्यांनी ती पूर्ण ऐकावी.

चौथा आक्षेप मढच्या जाळ्यातून येतो आणि त्याला वजन आहे. येथील पारंपरिक मासेमारी डोल जाळ्याची, म्हणजे समुद्रतळाला खुंटांनी बांधलेल्या आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर तोंड उघडून राहणाऱ्या पिशवीसारख्या जाळ्याची. तीत येतात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. यातले प्रवाळ कोठे आहेत, असे विचारले जाते. माशांचा सांगाडा कॅल्शिअम फॉस्फेटचा असतो आणि रक्तातील आम्लाचा तोल सांभाळण्याची क्षमता बहुतेक माशांत चांगली असते. तेव्हा बोंबील पाण्याच्या सामूमुळे थेट मरेल असे म्हणता येत नाही. वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे मासे गोंधळतात, शिकाऱ्याचा वास ओळखत नाहीत, असे निष्कर्ष एकेकाळी फार गाजले. परंतु २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या पुनर्तपासणीत प्रवाळखडकांतील माशांबाबत ते परिणाम आढळले नाहीत. अमेरिकेतील वुड्स होल येथील संशोधकांनी २००९ मध्ये १८ कवचधारी प्रजातींवर केलेल्या प्रयोगात बहुतेकांची कवचबांधणी मंदावली, पण खेकडा, लॉबस्टर आणि कोळंबी यांची उलट वाढली. महाराष्ट्राची सागरी मासळी २०१९ मध्ये सुमारे दोन लाख टनांवर घसरली, तो ४५ वर्षांतील नीचांक होता; मात्र त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक वादळे आली होती, आणि अशा एका वर्षाच्या घसरणीवर आम्लीकरणाचा शिक्का मारणे हे शास्त्राला धरून नाही.

इतके सगळे मान्य केल्यावर आक्षेपकाची बाजू जिंकली असे वाटेल, पण तसे होत नाही. कारण मढचे अन्न आणि उत्पन्न म्हणजे केवळ डोलीतली मासळी नव्हे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरची कालवे, चिखल-वाळूतल्या तिसऱ्या आणि खुबे यांच्यावर कोकणातील किनाऱ्यावरच्या बायकांची एक समांतर अर्थव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. तिला होडी लागत नाही, डिझेल लागत नाही, आणि बंदरातल्या मासळीच्या आकडेवारीत ती क्वचितच उमटते. नेमके हेच जीव कार्बोनेटच्या टंचाईपुढे सर्वांत दुबळे आहेत. शिंपल्याची अळी अंड्यातून निघाल्यावर सुमारे दोन दिवसांत आपले पहिले कवच घडवते, आणि तेही बाहेरून अन्न मिळू लागण्याआधी, अंड्यातल्या शिदोरीवर. पाणी कार्बोनेटने गरीब असेल तर तेच कवच घडवायला अधिक शक्ती खर्ची पडते, शिदोरी संपते आणि अळी मरते. प्रौढ शिंपला मात्र ठणठणीत दिसत राहतो, म्हणून किनाऱ्यावर पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे कळत नाही. कळते ते काही वर्षांनी, जेव्हा खडकावर नवी कालवे बसत नाहीत.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरील व्हिस्की क्रीक या कालवबीज तयार करणाऱ्या केंद्रात २००७ आणि २००८ मध्ये अळ्या मोठ्या प्रमाणात मेल्या. संशय आधी रोगजंतूंवर गेला. नंतरच्या संशोधनाने दाखवले की खोल समुद्रातून वर येणारे, कार्बन डायऑक्साइडने भारलेले पाणी केंद्राच्या टाक्यांत खेचले जात होते. उपाय म्हणून पाण्याचे रसायन सतत मोजले जाऊ लागले आणि वाईट पाणी येईल तेव्हा त्यात सोडिअम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मिसळला जाऊ लागला, तेव्हा उत्पादन सावरले. टाकीत सोडा टाकता येतो, खाडीत टाकता येत नाही. पण रोगाचे निदान चुकले की उपायही चुकतो, हा त्या घटनेचा धडा मढलाही लागू पडतो.

आता मुख्य आक्षेपाकडे, म्हणजे सांडपाण्याकडे वळता येईल. मढचे भूशिर आणि वर्सोवा यांच्या मधून समुद्राला मिळणाऱ्या मालाड खाडीत ओशिवरा नदी आपल्यासोबत पश्चिम उपनगरांची घाण आणते, आणि महापालिकेच्या सात मलनिःसारण विभागांपैकी मालाड व वर्सोवा या दोहोंचे पाणी याच खाडीत येते. वरळी आणि वांद्रे येथे मैलापाणी समुद्रात काही किलोमीटर आत नेऊन सोडणाऱ्या वाहिन्या आहेत. मालाड खाडीला तीही मुभा मिळालेली नाही. आक्षेपक येथे थांबतो आणि म्हणतो, हेच तर खरे कारण. पण सांडपाणी पाण्यात जाऊन करते काय, हा पुढचा प्रश्न तो विचारत नाही. त्यातील सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात, त्यासाठी पाण्यातील प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. म्हणजे धुराड्यातून निघालेला वायू हवेतून पाण्यात शिरतो, तोच वायू येथे पाण्यातल्या पाण्यात तयार होतो. मैल्यातील अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात तेव्हाही हायड्रोजन आयन सुटतात. सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेल्या सूक्ष्म वनस्पती मरून तळाशी कुजतात आणि तेच चक्र पुन्हा फिरते. तेव्हा ‘सांडपाणी हा प्रश्न आहे, आम्लीकरण नव्हे’ हे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्वतःलाच खोडते, कारण सांडपाणी हे खाडीच्या आम्लीकरणाचे एक यंत्र आहे.

आणि या दोन्हींची केवळ बेरीज होत नाही, हा यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समुद्राच्या पाण्यात आम्ल जिरवण्याची ताकद असते, कारण त्यातले कार्बोनेट नव्या हायड्रोजन आयनांना पकडून निष्प्रभ करते. हवेतील कार्बनने हे कार्बोनेट आधीच खर्ची घातले असेल, तर सांडपाणी कुजून येणारे तेवढेच आम्ल पूर्वीपेक्षा अधिक घसरण घडवते. मेक्सिकोचे आखात आणि पूर्व चीन समुद्र येथील तळाजवळच्या पाण्याचा अभ्यास करून वेई-जुन काय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हाच परिणाम मांडला : नद्यांच्या पोषकद्रव्यांमुळे होणारी कूज आणि हवेतील कार्बन एकत्र आले की त्यांचा संयुक्त परिणाम दोघांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतो. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा खाडीतील क्षार पातळ करतो, तेव्हा ही ताकद आणखी क्षीण होते. शंभर वर्षांपूर्वीच्या खाडीला जेवढी घाण पचली असती, तेवढी आजच्या खाडीला पचत नाही. म्हणजे हवेतला कार्बन मालाडच्या सांडपाण्याला अधिक विषारी करतो. दोन्ही प्रश्न वेगळे काढणारा माणूस आपल्या आवडत्या प्रश्नाचे गांभीर्यही कमी करून सांगत असतो.

अरबी समुद्राची रचना या संकटात भर घालते. या समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यल्प असलेल्या पाण्याचा जगातील सर्वांत जाड थरांपैकी एक पसरला आहे, आणि जिथे प्राणवायू श्वसनात संपलेला असतो तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असे पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर चढते; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या किनाऱ्यावरील प्राणवायूच्या टंचाईचे जे चित्र मांडले, त्यात खतांच्या आणि मैल्याच्या नायट्रोजनमुळे ती तीव्र होत असल्याकडे बोट दाखवले होते. ही चढण केरळ-कर्नाटक-गोव्याकडे अधिक तीव्र आणि मुंबईकडे सौम्य असते, हे खरे. पण खाडीच्या मुखाबाहेरचे पाणी नेहमीच ताजे व भरपाई करणारे असते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

मग हे सारे सरकारी तपासणीत दिसत का नाही, असा शेवटचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मोजपट्टीत आहे. पर्यावरण संरक्षण नियमांखाली किनारी पाण्याचे जे वर्ग ठरवले आहेत, त्यांतला सर्वांत कडक वर्ग एसडब्ल्यू-१ हा मिठागरे, शिंपल्यांची मासेमारी, मत्स्यशेती आणि संवेदनशील परिसर यांच्यासाठी आहे. त्यात सामूची मान्य कक्षा ६.५ ते ८.५ आहे. ८.१ वरून ६.५ पर्यंत उतरणे म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे चाळीसपट होणे. ज्या पाण्यात कालवाची अळी दोन दिवस जगणार नाही, ते पाणी खास शिंपल्यांसाठी राखलेल्या वर्गात उत्तीर्ण ठरू शकते. ही कक्षा कारखान्यांचे आम्ल पकडण्यासाठी ठीक आहे. संथ घसरण पकडण्यासाठी ती निरुपयोगी आहे. अमेरिकेच्या निकषांतही समुद्रासाठी हीच कक्षा आहे, पण नैसर्गिक चढउताराच्या पलीकडे ०.२ पेक्षा अधिक फरक पडू नये, ही अट तिला जोडलेली आहे. तशी अट येथे घालणे हे कायद्याच्या दृष्टीने अवघड नाही. मात्र त्यासाठी नैसर्गिक चढउतार आधी मोजावा लागेल, आणि वर्षाला ०.००२ च्या आसपास असलेली घसरण साध्या काचेच्या इलेक्ट्रोडने महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यात सापडत नाही. सामू, एकूण अल्कता, विरघळलेला अजैविक कार्बन आणि पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचा दाब या चार मापांपैकी कोणतीही दोन अचूक मिळाली की संपृक्ततेसह बाकीचे गणित करता येते. हे काम करू शकणाऱ्या संस्था शोधायला लांब जावे लागत नाही; केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे विभागीय केंद्र ही तिन्ही खाडीपलीकडच्या अंधेरी-वर्सोवा परिसरातच आहेत.

जगाचे उत्सर्जन मढच्या हाती नाही, तेव्हा येथे करण्यासारखे काय उरते, ही हतबलता वरच्या सर्व आक्षेपांची सावली आहे. पण खाडीतील आम्लाचा एक स्रोत स्थानिक असेल, तर त्यावरचा उपायही स्थानिक असतो. मैल्यातील सेंद्रिय पदार्थ व नायट्रोजन काढून टाकणारी पूर्ण प्रक्रिया झाल्याशिवाय एकही वाहिनी खाडीत न सोडणे हा त्यातला पहिला. दुसरा खारफुटीचा : ऑस्ट्रेलियातील खारफुटीच्या खाड्यांतील मोजणीत असे दिसले की तिवरांच्या चिखलातून अल्कता पाण्यात येते आणि आम्लाचा मारा काही अंशी सौम्य होतो, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीवर घातलेल्या निर्बंधांना पूर आणि धूप यांच्या जोडीला हेही कारण आहे, आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी अपवाद मागताना ते हिशेबात धरले जायला हवे. तिसरा मोजपट्टीचा, जो वर सांगितला. यांपैकी एकही उपाय सांडपाण्याकडे बोट दाखवणाऱ्या आक्षेपकाला नकोसा वाटण्याचे कारण नाही. उलट मैला खाडीत सोडू नका, ही त्याची जुनी मागणी आजवर दुर्गंधी आणि रोगराई यांच्या आधारावर उभी होती, तिला आता रसायनाचा आधार मिळतो, आणि हवेतला कार्बन जसजसा वाढेल तसतशी खाडीची पचनशक्ती घटत जाणार असल्याने ती मागणी पुढच्या वर्षावर ढकलण्याची किंमतही दरवर्षी वाढत जाते.